भाजल्यावर मध, तूप की अंडं? आधी वीस मिनिटं पाणी, मग बाकीचं

रमजान जवळ आला की आमच्या शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक जुना मेसेज न चुकता फिरतो. भाजल्यावर लगेच अंड्याचा पांढरा बलक लावा, डागही राहणार नाही, हा उपाय अग्निशमन दलाच्या जवानांना शिकवतात, वगैरे. खाली चार-पाच जण ‘माशाअल्लाह, उपयुक्त माहिती’ लिहितात आणि पुढच्या ग्रुपला पाठवतात. इफ्तारच्या आधीचा अर्धा तास म्हणजे प्रत्येक घरात कढई तापलेली, भजी-समोसे तळणं चालू, लहान मुलं ओट्याभोवती. भाजण्याचे प्रकार याच वेळी घडतात आणि मग तो मेसेज आठवतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक मुलगी हात ओढणीत गुंडाळून आली. आदल्या संध्याकाळी गरम तेल उडालं होतं. घरच्यांनी अंडं आणि हळद फासली होती आणि ते रात्रभर वाळून जखमेवर पापडासारखं चिकटलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी ते भिजवून भिजवून काढलं तेव्हा पोर ज्या पद्धतीने रडली, ते ऐकून मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. भाजल्यापेक्षा ते काढताना जास्त दुखलं, असं तिने मला नंतर सांगितलं. घरच्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना कोणी नीट सांगितलेलंच नव्हतं.

म्हणून हा लेख. मध, तूप, अंडं, माशाची कातडी, जनावराच्या चामड्यापासून केलेलं कोलॅजन, असे प्राण्यांकडून मिळणारे अनेक पदार्थ भाजलेल्या जखमेसाठी वापरले गेले आहेत. त्यातले काही खरोखर औषध आहेत आणि त्यावर आपल्या महाराष्ट्रातच मोठं काम झालं आहे. काही मात्र नुसती सवय आहे. कोणतं कधी चालतं आणि कोणतं कधीच नाही, एवढं घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी १० लाखांहून जास्त लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. म्हणजे हा प्रश्न कोणाच्या तरी नाही, आपल्याच घरातला आहे.

पहिली वीस मिनिटं

भाजल्यावर सर्वात पहिला उपाय एकच: साधं, थंडसर, वाहतं पाणी, सलग वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस. आपण दोन मिनिटं हात नळाखाली धरतो, जळजळ कमी झाली की काढून घेतो आणि मलम शोधायला लागतो. पण कातडीच्या आत उष्णता तशीच असते आणि ती खालच्या थराला भाजत राहते. पाणी ही उष्णता बाहेर काढतं. लगेच जमलं नाही तरी भाजल्यापासून तीन तासांपर्यंत पाण्याचा फायदा होतो, त्यामुळे ‘आता उशीर झाला’ म्हणून सोडून देऊ नका.

बर्फ नको. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच दुखावलेल्या कातडीला आणखी इजा होते.

पनवेलमधल्या आपल्या अडचणी वेगळ्या आहेत. एप्रिल-मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला कोमटही नाही, चक्क कढत येतं. आधी स्वतःच्या हाताने तपासा. नळाला पाणीच नसेल, तर बादलीतलं किंवा माठातलं स्वच्छ पाणी मगाने हळूहळू ओतत राहा. अंगठी, बांगड्या, घड्याळ ताबडतोब काढा. सूज आली की बांगडी कापावी लागते. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका, भोवतीचा कापा. लहान मूल असेल तर भाजलेला भाग पाण्याखाली आणि बाकीचं अंग चादरीत गुंडाळलेलं असावं, नाहीतर मूल गारठतं. नंतर जखमेवर स्वच्छ, ओलसर सुती कापड किंवा स्वयंपाकघरात अन्न झाकायला वापरतात ती पातळ प्लास्टिकची फिल्म सैल ठेवा. फोड फोडू नका.

या वीस मिनिटांत मध नाही, तूप नाही, अंडं नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही, शेण-माती तर अजिबात नाही. शेणामातीतून धनुर्वात होऊ शकतो. इथपर्यंत वाचून लेख बंद केलात तरी माझं निम्मं काम झालं.

सोलापूरचा मध

आता मधाकडे येऊ. मध जखमेला लावण्याचा विषय निघाला की लोक न्यूझीलंडच्या ‘मनुका’ मधाचं नाव घेतात. ऑनलाइन तो हजारो रुपयांना मिळतो. पण भाजलेल्या जखमेवर मधाची रुग्णांवर पद्धतशीर चाचणी ज्यांनी सुरुवातीला केली, त्यांच्यात आपल्या सोलापूरचं नाव आघाडीवर आहे. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाच्या शल्यचिकित्सा विभागातले डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त आपला अभ्यास प्रसिद्ध केला. जगभर मधावरच्या वैद्यकीय लेखनात आजही त्याचा संदर्भ येतो.

अभ्यास साधा होता. वरवर भाजलेले १०४ रुग्ण. ५२ जणांना मधाचं ड्रेसिंग, ५२ जणांना सिल्व्हर सल्फाडायझिन, म्हणजे सरकारी दवाखान्यात भाजल्यावर लावतात ते पांढरं मलम. सात दिवसांत मधवाल्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, मलमवाल्या गटात फक्त ७ टक्के. पंधरा दिवसांत मधाच्या ८७ टक्के जखमा भरल्या, मलमाच्या १० टक्के.

आकडे इतके एकतर्फी की वाचून भुवया उंचावतात. त्याबद्दल पुढे लिहिते.

डॉ. सुब्रह्मण्यम तिथेच थांबले नाहीत. पुढच्या काही वर्षांत त्यांनी मधाची तुलना एकेका प्रचलित ड्रेसिंगशी केली. १९९४ मध्ये गर्भाच्या झिल्लीशी, म्हणजे बाळंतपणात वारेबरोबर बाहेर पडणाऱ्या पातळ पडद्याशी. मधाने जखम भरायला सरासरी ९.४ दिवस लागले, झिल्लीने १७.५. १९९६ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालीशी: मध १०.४ दिवस, साल १६.२ दिवस.

बटाट्याची साल ऐकून हसू येईल, पण तीही महाराष्ट्राचीच गोष्ट आहे. मुंबईत परळच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. एम. एच. केसवानी यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या सालींचं ड्रेसिंग करून त्याचा अहवाल प्रसिद्ध केला होता. आयात ड्रेसिंग परवडत नव्हतं, भाजलेली मुलं रोज येत होती, आणि गॉजची पट्टी जखमेला चिकटून काढताना मुलं ओरडत होती. साल चिकटत नाही. गरिबीतून निघालेला उपाय होता, पण तो डॉक्टरांनी निर्जंतुक करून, मोजून-मापून केला होता. घरात कुकरमधून काढलेली साल हातावर ठेवणं म्हणजे तो उपाय नव्हे.

सोलापूरच्या या डॉक्टरांबद्दल मला सर्वात आदर वाटतो तो त्यांच्या १९९९ च्या अभ्यासामुळे. मध्यम स्वरूपात भाजलेले ५० रुग्ण त्यांनी घेतले. २५ जणांची मेलेली कातडी लवकर शस्त्रक्रियेने तासून काढून लगेच त्वचारोपण केलं. २५ जणांना मधाचं ड्रेसिंग आणि गरज पडली तर नंतर त्वचारोपण. पहिल्या गटात लावलेली त्वचा जवळजवळ पूर्ण धरली, मधाच्या गटात सरासरी तीन-चतुर्थांशच. त्यांनी निष्कर्ष स्पष्ट लिहिला: अशा भाजण्यात लवकर शस्त्रक्रिया मधापेक्षा श्रेष्ठ. ज्या माणसाने आठ-दहा वर्षं मधाची बाजू मांडली, त्यानेच मध कुठे कमी पडतो हेही छापलं. मध विकणारे पहिला अभ्यास सांगतात, शेवटचा सांगत नाहीत.

आता त्या एकतर्फी आकड्यांबद्दल. पहिली गोष्ट, मधाच्या चाचणीत डोळ्यांवर पट्टी बांधता येत नाही. कोणत्या रुग्णाला मध लावलाय हे डॉक्टर, नर्स, रुग्ण सगळ्यांना दिसतं, त्यामुळे नकळत झुकाव येऊ शकतो. दुसरी गोष्ट, एकाच डॉक्टरांचे अभ्यास. तिसरी आणि महत्त्वाची: ज्या पांढऱ्या मलमाशी तुलना केली, ते जखम भरण्याचा वेग कमी करतं असं नंतरच्या अभ्यासांतून पुढे आलं आहे. म्हणजे मध जिंकला, पण समोरचा पैलवानही तितका दमाचा नव्हता.

तरीही मध बाद होत नाही. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये मधावरच्या २६ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यात म्हटलं आहे की अर्धवट खोलीच्या, म्हणजे फोड येणाऱ्या भाजण्यात मधाने जखम नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा साधारण चार ते पाच दिवस लवकर भरते. चार-पाच दिवस. चमत्कार नाही, पण रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला चार दिवस म्हणजे काय हे सांगायला नको.

मध नेमकं करतो काय

मधात पाणी खूप कमी असतं, चांगल्या मधात २० टक्क्यांच्या आत. बाकी बहुतेक साखर. जंतूला जगायला पाणी लागतं. मध त्याच्यातलंच पाणी ओढून घेतो. लोणच्यात मीठ जे काम करतं, तसंच. शिवाय मध आंबट असतो, चवीला जाणवत नसलं तरी, आणि आंबटपणात बरेच जंतू वाढत नाहीत. मधमाशी मधात एक विकर मिसळते, ग्लुकोज ऑक्सिडेज. जखमेतल्या ओलाव्याने मध पातळ झाला की या विकरामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड हळूहळू तयार होतं. दवाखान्यात जखम धुवायला वापरतात तेच द्रव्य, पण इथे अगदी थोडं थोडं, कातडीला न जाळता. मनुका मधाची गंमत वेगळी: त्यात मिथिलग्लायॉक्सल नावाचा घटक जास्त असतो, म्हणून त्याचा परिणाम पेरॉक्साइडवर अवलंबून नसतो.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. मध जोरात तापवला की ते विकर मरतं. बाटलीबंद मध बऱ्याचदा तापवलेला, गाळलेला असतो. तो पोळीवर छान, जखमेवर निम्मा निकामी. आणि भेसळ झालेला असेल तर तो मध नाहीच, साखरेचा पाक आहे. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने १३ ब्रँडचा मध तपासला, सगळ्या चाचण्यांत फक्त ३ उतरले.

मग सरळ पोळ्यातला मध घ्यावा का? कर्नाळा, माथेरानच्या बाजूला कातकरी बांधव आग्या मोहोळाचा मध काढून विकायला आणतात. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून घोषित केलं, तिथे सातेरी माशांचा उत्तम मध मिळतो. खायला हे मध मीही आणते. पण जखमेवर नाही. कच्च्या मधात क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. पोटात गेले तर मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही (एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध चाटवूसुद्धा नये, त्याच कारणाने), पण उघड्या जखमेत तो धोका कशाला? दवाखान्यात वापरायचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. किरणांनी जंतू मरतात आणि विकर बरंचसं शाबूत राहतं. असा ‘मेडिकल ग्रेड’ मध ट्यूबमध्ये किंवा पट्टीच्या रूपात औषधांच्या दुकानात मिळतो. मागवावा लागतो, महाग असतो, आणि डॉक्टरांनी जखम पाहून सांगितल्यावरच लावायचा. मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं. शुगरच्या रुग्णांनीही.

एक गोष्ट आपल्या घरांतल्या चर्चेसाठी. मधाला ‘शिफा’ म्हटलं आहे, मग लावायला का नाही, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. सूरह नहलमध्ये मधमाशीच्या संदर्भात शिफाचा उल्लेख आहे, पण तो तिच्या पोटातून निघणाऱ्या पेयाचा आहे. सहीह बुखारीच्या किताबुत-तिब्बमध्ये पोटाच्या तक्रारीसाठी मध पाजण्याचा प्रसंग येतो. दोन्हीकडे ताज्या भाजण्यावर बरणीतला मध फासा, असं नाही. आणि इलाज करा, हाही आपल्याला दिलेला हुकूमच आहे. शिफावर ईमान ठेवणं आणि वीस मिनिटं नळाखाली हात धरणं यात काही भांडण नाही.

तूप

माझ्या डाव्या मनगटावर रुपयाएवढा डाग आहे. आठ-नऊ वर्षांची असेन. तव्याचा काठ लागला होता. अम्मीने लगेच चमचाभर तूप चोळलं. तिच्या आईनेही तेच केलं असतं.

तुपाचा इतिहास फार जुना आहे. प्राचीन इजिप्तच्या शल्यचिकित्सेच्या पपायरसमध्ये जखमेला चरबी आणि मध लावून पट्टी बांधायला सांगितलं आहे. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाच्या १२व्या अध्यायात भाजण्याचे चार प्रकार केले आहेत आणि तूप, तुपात खललेली औषधं, मध-तूप यांचा उल्लेख येतो. वैद्य आजही शतधौत घृत वापरतात, म्हणजे पाण्यात शंभर वेळा घोटून धुतलेलं तूप. ते हाताला लोण्यापेक्षा हलकं आणि गार लागतं. पण तिथेही एक गोष्ट लक्षात घ्यावी: सुश्रुतसंहितेत हलक्या भाजण्याला उष्ण उपचार सांगितला आहे, आजचं वैद्यकशास्त्र नेमकं उलटं सांगतं. जुन्या ग्रंथाचा आदर ठेवूनही त्यातलं सगळं जसंच्या तसं करता येत नाही.

ताज्या भाजण्यावर तूप का नको? कारण चरबीचा थर उष्णता आत कोंडून ठेवतो. शिवाय घरातल्या तुपाच्या डब्यात किती चमचे, किती बोटं गेली असतात. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना जखमेची खोली बघायला ते सगळं पुसून काढावं लागतं आणि त्यात वेळ आणि कातडी दोन्ही जातं. जखम पूर्ण भरल्यावर नवी त्वचा कोरडी पडते, खाजते, तेव्हा डॉक्टर कुठलंतरी तेलकट मलम लावायला सांगतात. तुपासारख्या स्निग्ध पदार्थाची पाळी तेव्हा येते, दोन-तीन आठवड्यांनी.

अंडं लावू नका, खाऊ घाला

अंड्याबद्दल फार लिहायचं नाही. कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो, अंड्याची ॲलर्जी असते, बलक वाळून कातडीला चिकटतो. फायद्याचा पुरावा नाही. व्हॉट्सअॅपवरची ती जवानांची गोष्ट खोटी आहे.

पण अंडं कामाचं आहेच, ताटात. मोठ्या भाजण्यानंतर शरीराला नवी त्वचा बनवायला प्रथिनं नेहमीपेक्षा खूप जास्त लागतात. जखमेतून प्रथिनं पाझरून वाया जातात ते वेगळंच. बर्न्स वॉर्डमधले आहारतज्ज्ञ उकडलेली अंडी, दूध, डाळ, मासे, चिकन यावर भर देतात. आपल्याकडे मात्र आजाऱ्याला ‘गरम पडेल’, ‘जखम चिघळेल’ म्हणून नेमकी अंडी-मांस बंद करतात आणि पेजेवर ठेवतात. त्याने जखम उलट रेंगाळते.

चिलापीची कातडी

उजनी धरणातून येणारा चिलापी मासा बाजारात सर्वात स्वस्त. पापलेट-सुरमईवाले त्याच्याकडे नाक मुरडतात. ब्राझीलमध्ये फोर्तालेझा शहरातल्या सिआरा फेडरल विद्यापीठाच्या संशोधकांनी याच माशाची, तिलापियाची, कातडी भाजलेल्या रुग्णांवर वापरली. २०१६ च्या सुमारास त्याच्या बातम्या जगभर गेल्या. कारण तेच, वाडियासारखं: सार्वजनिक दवाखाने, त्वचेचा तुटवडा, महाग ड्रेसिंग. माशाच्या कातडीत कोलॅजन भरपूर असतं, ती ओलसर राहते, जखमेला घट्ट बसते आणि जखम भरेपर्यंत तशीच ठेवता येते. रोज पट्टी बदलायचा त्रास वाचतो. भाजलेल्या माणसाला विचारा, सर्वात जास्त भीती त्याला रोजच्या ड्रेसिंगची असते.

२०१७ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात मोठा वणवा पेटला, त्यात पंजे भाजलेल्या दोन अस्वलांवर तिथल्या पशुवैद्यांनी हीच कातडी शिवली. अस्वलांचे फोटो खूप फिरले.

कोणी बाजारातून चिलापी आणून कातडी हातावर ठेवील, म्हणून सांगते: ती कातडी रसायनांनी धुऊन, ग्लिसरीनमध्ये ठेवून, किरणांनी निर्जंतुक केलेली असते. बाजारातली कातडी म्हणजे सरळ संसर्गाला आमंत्रण.

कोलॅजनची पट्टी आणि हलालचा प्रश्न

आपल्या दवाखान्यांत मासा नसला तरी कोलॅजनची पट्टी सर्रास वापरतात. कागदासारखी पातळ, पाकिटात येते, जखमेवर ठेवली की चिकटते आणि खालची त्वचा भरत गेली की सुटते. मुलांच्या चहा-दुधाने भाजलेल्या जखमांना ती विशेष बरी पडते, कारण पुन्हा पुन्हा उघडावी लागत नाही. हे कोलॅजन प्राण्यांच्या चामड्यातून किंवा इतर भागांतून काढतात. भारतात मुख्यतः गायी-म्हशींच्या वर्गातल्या जनावरांचं आणि काही माशांचं. परदेशात डुकराच्या कातडीपासून केलेली ड्रेसिंग्जही आहेत.

त्यामुळे आपल्या लोकांच्या मनात प्रश्न येणं स्वाभाविक आहे. शेजारच्या खाटेवरच्या हिंदू कुटुंबाला गायीचा प्रश्न पडतो, आपल्याला डुकराचा, जैन कुटुंबाला दोन्हीचा. विचारायला लाजू नका. पाकिटावर स्रोत लिहिलेला असतो, डॉक्टर सांगतात, आणि पर्याय असेल तर माशाची किंवा प्राण्यांचा काहीच अंश नसलेली ड्रेसिंग वापरतात. पर्याय नसेल तर? ज़रूरतच्या प्रसंगी, दुसरा इलाज उपलब्ध नसताना, सवलत आहे असं अनेक उलमा मानतात. पूर्ण रूप बदललेल्या पदार्थाबद्दल, ज्याला इस्तिहाला म्हणतात, मतं वेगवेगळी आहेत. मी शाळेतली शिक्षिका आहे, फतवा द्यायचा अधिकार माझा नाही. तुमच्या भरवशाच्या मुफ्तींना फोन करा. फक्त फोन दवाखान्यातून करा, घरी बसून नको. मसला अर्ध्या तासात सुटतो, जखम तेवढी थांबत नाही.

माणसाचीच त्वचा आणि झिल्ली हा वेगळा विषय आहे, थोडक्यात सांगते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून टिश्यू बँक आहे, तिथे दान मिळालेली गर्भाची झिल्ली किरणांनी निर्जंतुक करून दवाखान्यांना देतात. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचा पेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांडी, पाय, पाठीवरून त्वचेचा पातळ थर घेतात, रक्तगट जुळवावा लागत नाही. अवयवदानाबद्दल आपल्याकडे मतभेद आहेत आणि चर्चा व्हायला हवी, पण ती वेगळ्या लेखात.

कधी घरी थांबायचं नाही

रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. भाजलेला भाग त्याहून मोठा असेल आणि फोड आले असतील, तर दवाखाना. चेहरा, हात, पाय, सांधे, गुप्तांग भाजलं असेल तर आकार न बघता दवाखाना. लहान मूल, म्हातारं माणूस, गर्भवती, शुगरचा रुग्ण, तरी दवाखाना. विजेचा झटका बसला असेल तर बाहेर छोटीशी खूण दिसते, आत स्नायू आणि हृदयाला इजा असू शकते, उशीर नको. बंद खोलीत धूर नाकातोंडात गेला असेल, आवाज बसला असेल तर लगेच १०८.

एक फसवी गोष्ट: भाजलेली जागा पांढरी, काळी किंवा चामड्यासारखी झाली आणि दुखत नाही, म्हणजे कमी भाजलं असं लोकांना वाटतं. उलट आहे. वेदना कळवणाऱ्या नसाच जळल्या आहेत. अशा जखमेवर ना मध चालतो ना मलम, तिला शस्त्रक्रियाच लागते. सोलापूरच्या शेवटच्या अभ्यासाचा धडा इथे लागू होतो.

तळोजा एमआयडीसीत आणि रसायनीत आपली कितीतरी मुलं कामाला आहेत. ॲसिड किंवा कॉस्टिक अंगावर सांडलं तर वीस मिनिटांचा हिशेब विसरा. कोरडी पावडर असेल तर आधी झटकून टाका, मग रसायन लागलेले कपडे उतरवून भरपूर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ उभे राहा आणि कोणीतरी १०८ ला फोन करा. रसायनाचं नाव किंवा पिंपावरच्या लेबलचा फोटो सोबत न्या, डॉक्टरांना त्यावरून इलाज ठरवता येतो. ॲसिडवर सोडा किंवा कॉस्टिकवर लिंबू ओतून ‘मारायचा’ प्रयत्न नको, त्यातून आणखी उष्णता निघते.

पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे, प्राथमिक उपचार आणि धनुर्वाताचं इंजेक्शन तिथे होतं. मोठं भाजणं असेल तर तिथून पुढे ऐरोली किंवा मुंबईला पाठवतात. निघताना जखम स्वच्छ कापडाने झाकलेली, रुग्ण चादरीत, आणि भाजल्याची वेळ कागदावर लिहिलेली असावी. किती वाजता भाजलं, पाणी किती वेळ घातलं, काही लावलं का, हे तीन प्रश्न डॉक्टर हमखास विचारतात.

यंदा रमजानच्या आधी आमच्या ग्रुपवर तो अंड्याचा मेसेज आला, तेव्हा त्याच्याखाली मी एवढंच लिहिलं: वीस मिनिटं पाणी, बर्फ नको, काही फासू नका. त्या मुलीच्या आईने सर्वात आधी अंगठा दाखवला, आणि मग स्वतःच तो पुढच्या तीन ग्रुपना पाठवला.